अठराव्या दिवशी

फुलं सुकली की व्हर्लीन येते.
त्याआधी सगळेच येऊन गेलेले असतात:
चर्चमधल्या बायका, मॅकरोनीचे ट्रे,
कॅमेरेवाले, एक नगरसेवक,
आणि उंबऱ्यातूनच "काही लागलं तर सांगा" म्हणून वळणारे.
काय लागणार आहे ते ओनीशालाच अजून कळलेलं नाही.
व्हर्लीनला बारा वर्षांपासून कळतंय.

मिलवॉकीत फेब्रुवारी.
सरोवरावरून येणारा वारा कोटाला जुमानत नाही.
कोपऱ्यावरच्या खांबाला बांधलेले फुगे सुरकुतलेत,
कापडी अस्वलं बर्फात तोंड खुपसून पडलीत,
बर्फ काढणाऱ्या गाडीनं मेणबत्त्या कडेला लोटल्यात.
(गाडीवाल्याला तरी काय बोलावं,
त्याला रस्ता मोकळा करायचा असतो.)

सुतक कधी फिटलं ते सांगणारं इथं कुणी नसतं.
कामावरची रजा मात्र मोजून तीन दिवस.

व्हर्लीन बूट झटकते, आत येते,
"कशी आहेस" विचारत नाही.
सिंकमधली भांडी उपसून घासायला घेते.
मग ओल्या हातांनीच फॉर्म पुढे ओढते,
नऊ पानी, सरकारी,
दफनाचे पैसे परत मिळण्यासाठी.

मृताचं नाव: काएलन जेरोम प्रुइट.
वय: सतरा.
उत्पन्न: शनिवारी, टायरच्या दुकानात.
पान सहा.
घटनेस मृताचं स्वतःचं वर्तन कारणीभूत होतं काय?

ओनीशाचं पेन तिथं थांबतं.
तो बसची वाट बघत होता.
बसची वाट बघणं हे वर्तन असतं का?

"'नाही'वर खूण कर," व्हर्लीन म्हणते,
"आणि दाबून कर. खालच्या कागदावर उमटली पाहिजे."

सव्वादहाला फोन वाजतो.
शाळेचं यंत्र रोज याच वेळी बोलतं,
बाईच्या आवाजात, अगदी अदबीनं:
आपला पाल्य, इथं ते जरा अडखळतं, कायलान,
आज पहिल्या तासाला गैरहजर आहे.

व्हर्लीन स्वतःचा फोन काढते.
हे तिचं ठरलेलं काम.
शाळेच्या ऑफिसात कुणाशी बोलायचं,
नाव कुठल्या यादीतून काढायला लावायचं,
तिला तोंडपाठ आहे.

"नको."
अठरा दिवसांत ओनीशा इतक्या मोठ्यानं बोललेली नाही.
"त्याचं नाव आता घरात कुणी घेत नाही.
माझी आई घेत नाही, झारिया घेत नाही,
मी रडेन म्हणून.
ते यंत्र तेवढं घेतं.
चुकीचं घेतं, पण घेतं.
आणि गैरहजर म्हणतं.
नुसतं गैरहजर,
उद्या येईल असं."

व्हर्लीन फोन उपडा ठेवते.
एकेचाळीस घरं झाली आजवर.
एकेचाळीस घरी तिनं पहिल्याच दिवशी हा फोन बंद करवला,
कुणालाही न विचारता, मायेनं.
पहिलं घर तिचं स्वतःचं.

खुर्ची ओढून ती बसते. या घरात पहिल्यांदाच.
"टेव्हिन," ती म्हणते. "माझा. टेव्हिन."
ओनीशा काही म्हणत नाही,
फक्त नाव एकदा ओठांवर घोळवून बघते,
नीट उच्चारता येतंय का ते.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीन दहालाच येते.
हातात फॉर्म नाही, डबा नाही.
दोघी टेबलाशी बसून राहतात.
झारियाचा दुधातला मका फुगून लगदा झालाय.
सव्वादहा.

आपला पाल्य, कायलान...
"काएलन," दोघी एकदमच दुरुस्त करतात.

यंत्र न थांबता पुढे जातं:
गैरहजेरीचं कारण कळवायचं असल्यास एक दाबा.
कारण कळवायचं असल्यास
एक दाबा.

ओनीशा फोन कानाशी तसाच धरून ठेवते,
ते विचारून दमेपर्यंत.